लहान व्यवसायाचा छापील कॅटलॉग: माहितीच्या तक्त्यापासून छपाईच्या फाइलपर्यंत

छापील कॅटलॉग चाळणाऱ्या ग्राहकाजवळ त्या वेळी विक्रेता नसतो. वस्तू केवढी आहे, कशाची बनलेली आहे, कोणत्या रंगांत मिळते, कमीत कमी किती नग घ्यावे लागतात आणि मागणी नोंदवायची कशी, हे प्रश्न त्याला पडतात तेव्हा उत्तर देण्याची सगळी जबाबदारी कागदावर असते. कॅटलॉगच्या रचनेतले बहुतेक निर्णय या एका गोष्टीवरून ठरवता येतात. तरीही लहान व्यवसायांत हे काम बहुधा उलट टोकाकडून सुरू होते: आधी मुखपृष्ठाची चर्चा होते, मग रंगांची, मग मिळतील ते फोटो गोळा केले जातात, आणि मापे, कोड व किमती यांची जुळवाजुळव फाइल छापखान्यात जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालू राहते.

कॅटलॉगचा गाभा किती साधा आहे हे त्याच्या इतिहासावरून दिसते. व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतियुस यांनी १४९८ मध्ये आपल्या ग्रीक ग्रंथांची यादी विषयवार गट पाडून आणि किमतींसह छापली होती. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये टपालाने माल विकण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांचा पहिला कॅटलॉग म्हणजे १६३ वस्तूंची यादी असलेला एकच कागद होता. वस्तूची नेमकी ओळख, तिची किंमत आणि मागणी नोंदवण्याची रीत एवढे मिळाले की व्यवहार होऊ शकतो. फोटो, रंग आणि उत्तम कागद यांचे काम त्यानंतर सुरू होते.

हे काम गुंतागुंतीचे वाटते, कारण त्यातला प्रत्येक निर्णय दुसऱ्या एखाद्या निर्णयाशी बांधलेला असतो. वस्तूंच्या संख्येवरून पृष्ठसंख्या ठरते, पृष्ठसंख्येवरून बांधणी ठरते, बांधणीवरून आतला समास ठरतो, आणि कागदाच्या जाडीचा परिणाम टपालखर्चापर्यंत पोहोचतो. ज्या क्रमाने हे निर्णय घेतले असता नंतरची मोडतोड सर्वांत कमी होते, तोच क्रम पुढे धरला आहे.

माहितीचा तक्ता आणि वस्तूंचे कोड

पहिले काम स्प्रेडशीटमध्ये करायचे असते. एका ओळीत एक वस्तू घ्यावी आणि प्रत्येक तपशिलासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा: कोड, नाव, एका वाक्याचे वर्णन, साहित्य, लांबी, रुंदी, उंची, वजन, उपलब्ध रंग, एका खोक्यातील नग, किमान मागणी, किंमत आणि फोटोच्या फाइलचे नाव. हा तक्ता भरताना व्यवसायातल्या अनेक विसंगती उघड होतात. एकाच वस्तूला गोदामात एक नाव असते आणि बिलावर दुसरे. काही मापे इंचांत असतात, काही सेंटिमीटरमध्ये. एखाद्या वस्तूचे वजन कोणी कधी मोजलेलेच नसते. या विसंगती तक्त्यात सापडल्या तर एक चौकट बदलली की काम भागते. मांडणी पूर्ण झाल्यावर सापडल्या तर मजकुराची लांबी बदलते, शेजारचा फोटो सरकतो, आणि कधी कधी पुढची चार पृष्ठे हलवावी लागतात. शिवाय इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तक्त्यातील मजकूर थेट मांडणीच्या साच्यात भरण्याची ‘डेटा मर्ज’ नावाची सोय असते, त्यामुळे हाताने टंकलेखन करताना होणाऱ्या चुका मुळातच टळतात. त्यासाठी तक्ता शिस्तीत भरलेला असावा लागतो.

तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना कोडचा आहे, असे मी मानतो. ग्राहक फोनवर मागणी सांगतो, दुकानदार ती लिहून घेतो, गोदामातला माणूस वस्तू शोधतो आणि हिशेबनीस बिल करतो. या चौघांच्या हातून एकच वस्तू जायची असेल तर चौघांपुढे एकच कोड असायला हवा. म्हणून कॅटलॉगसाठी वेगळे, देखणे कोड तयार करण्याच्या मोहात पडू नये. कोड लहान ठेवावा, त्यात रोमन ‘ओ’ आणि शून्य, तसेच रोमन ‘आय’ आणि एक अशी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे एकत्र आणू नयेत, आणि किंमत किंवा पृष्ठक्रमांक यांसारखी पुढच्या आवृत्तीत बदलणारी माहिती त्यात गोवू नये. एकाच वस्तूचे तीन आकार आणि चार रंग असतील तर बारा वेगळे कोड देण्यापेक्षा मूळ कोडला आकाराचे आणि रंगाचे चिन्ह जोडण्याची पद्धत वाचणाऱ्याला लवकर उमगते. मात्र ती पद्धत संपूर्ण कॅटलॉगमध्ये एकच असावी.

तक्ता तयार झाला की त्यातील सगळ्याच वस्तू छापायच्या का, हे ठरवावे लागते. त्यासाठी वाचक कोण आहे हे आधी निश्चित करावे. घाऊक खरेदीदाराला खोक्यातील नग, किमान मागणी आणि माल पोहोचण्याची मुदत हवी असते. स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्याला वस्तू वापरात कशी दिसते आणि तिची निगा कशी राखायची हे कळायला हवे असते. दोघांनाही एकाच कॅटलॉगमध्ये सामावण्याचा प्रयत्न केला तर पृष्ठे वाढतात आणि प्रत्येकाला आपल्या कामाची माहिती शोधत बसावे लागते. ज्याच्याकडून बहुतेक मागण्या येतात त्याच्यासाठी कॅटलॉग करावा आणि दुसऱ्यासाठी पुढे केव्हातरी वेगळे माहितीपत्रक काढावे. ज्या वस्तू वर्षभरात बंद होण्याची शक्यता आहे, त्या छापील प्रतीत घेऊ नयेत.

आकार, पृष्ठसंख्या आणि वजन

ए मालिकेतील कागदांचे आकार सोयीचे आहेत, कारण प्रत्येक आकार अर्धा दुमडला की पुढचा लहान आकार मिळतो आणि लांबी-रुंदीचे प्रमाण बदलत नाही. ही पद्धत १९२२ मध्ये जर्मनीत प्रमाणित झाली आणि आज आयएसओ २१६ या मानकाचा भाग आहे. ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर आणि ए-५ म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर. यांव्यतिरिक्त चौकोनी किंवा अरुंद आकार आकर्षक दिसतात. पण छपाईच्या मोठ्या कागदावर ते नीट बसले नाहीत तर कापून वाया जाणाऱ्या कागदाचेही पैसे द्यावे लागतात, म्हणून वेगळा आकार ठरवण्यापूर्वी मुद्रकाशी बोलावे.

पृष्ठसंख्या मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही. एक कागद मधोमध दुमडला की चार पृष्ठे तयार होतात, त्यामुळे मध्यभागी पिना मारून बांधलेल्या कॅटलॉगची पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. ऑफसेट छपाईत, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळी प्लेट लावून केलेल्या छपाईत, तर मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पृष्ठांचा फॉर्म एकत्र छापून नंतर दुमडला जातो. समजा सोळा पृष्ठांचा एक फॉर्म आहे आणि छपाई दोन्ही बाजूंनी चार रंगांत आहे. मग त्या फॉर्मला आठ प्लेट लागतात. ३२ पृष्ठांसाठी असे दोन फॉर्म पुरतात. पृष्ठे ३६ केली तर उरलेल्या चार पृष्ठांसाठी वेगळा फॉर्म, वेगळ्या प्लेट आणि यंत्राची वेगळी जुळवणी करावी लागते, आणि वाढलेल्या चार पृष्ठांचा खर्च त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक येतो. म्हणून वस्तू मोजून पृष्ठे ठरवल्यावर आकडा जवळच्या सोयीच्या पटीत आणावा: दोन-तीन कमी महत्त्वाच्या वस्तू गाळाव्यात किंवा काही वस्तूंना अधिक जागा द्यावी.

बांधणीचे दोन प्रकार बहुधा विचारात येतात. पिनांची बांधणी स्वस्त पडते आणि कॅटलॉग टेबलावर बऱ्यापैकी सपाट उघडा राहतो, म्हणून मोजक्या पृष्ठांसाठी ती उत्तम. परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाने कण्याशी गोंदाने चिकटवतात. कण्यावर नाव छापता येते, परंतु त्यासाठी कणा साधारण तीन मिलिमीटर तरी जाड हवा आणि आतल्या बाजूचा बराच भाग उघडताना दिसत नाही. आर्ट पेपरसारख्या गुळगुळीत कागदावर साध्या गरम गोंदापेक्षा पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद अधिक घट्ट धरतो, म्हणून जो कॅटलॉग वर्षभर हाताळला जाणार आहे त्यासाठी तोच मागावा. पिनांच्या बांधणीतही एक बारकावा आहे. दुमडलेले कागद एकात एक घातले की आतली पाने थोडी बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचा बाहेरचा समास कमी होतो. पृष्ठक्रमांक कडेला अगदी चिकटून ठेवले तर मधल्या पृष्ठांवर ते धोक्यात येतात.

कागदाच्या वजनाचा हिशेब घरबसल्या करता येतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, आणि ए-४ आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे १३० जीएसएमचा ए-४ कागद सुमारे ८ ग्रॅमचा असतो. आतली ३२ पृष्ठे म्हणजे कागदाची १६ पाने. त्यांचे १३० ग्रॅम झाले, आणि २५० जीएसएमच्या मुखपृष्ठाची दोन पाने धरली तर त्यांचे सुमारे ३१ ग्रॅम. एकूण १६० ग्रॅमच्या आसपास. आतला कागद १७० जीएसएमचा घेतला तर हेच वजन २०० ग्रॅमच्या वर जाते, आणि ए-५ आकार घेतला तर निम्म्यावर येते. टपालाचे आणि कुरिअरचे दर वजनाच्या टप्प्यांप्रमाणे बदलतात, म्हणून कॅटलॉग पाठवून द्यायचा असेल तर हा हिशेब कागद निवडण्यापूर्वी करावा. मुद्रकाकडून त्याच कागदाची, त्याच आकाराची कोरी डमी बांधून मागता येते. ती हातात घेतल्यावर जाडी, लवचीकपणा आणि वजन यांविषयीचे वाद लगेच मिटतात.

पृष्ठावरची मांडणी

मांडणीचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी सगळ्या पृष्ठांचा एक आराखडा कागदावर काढावा. लहान चौकटी आखाव्यात, समोरासमोर येणारी पृष्ठे जोडीने दाखवावीत आणि प्रत्येक चौकटीत तेथे कोणत्या वस्तू येणार एवढेच लिहावे. एखादा विभाग उजव्या पृष्ठावर अर्धवट संपतो, अनुक्रमणिकेला जागाच उरलेली नाही, मागणीपत्रक ज्या पानावर आहे ते फाडले तर पाठीमागची महत्त्वाची वस्तू जाते, हे सगळे या आराखड्यात दिसते. वस्तूंचे गट ग्राहक ज्या पद्धतीने शोधतो त्या पद्धतीने करावेत. व्यवसायाच्या आत विभाग कसे पडले आहेत याच्याशी ग्राहकाला देणेघेणे नसते.

प्रत्येक वस्तूला सारखी जागा देणे न्याय्य वाटते, पण माझ्या मते ती चूक आहे. सर्व चौकटी एकाच आकाराच्या असल्या तर नजर कोठेच थांबत नाही आणि कोणती वस्तू महत्त्वाची आहे याचा संकेत मिळत नाही. ज्या वस्तूवर व्यवसाय उभा आहे, तिला अर्धे किंवा पूर्ण पृष्ठ द्यावे. सुटे भाग आणि जोडसाहित्य एका तक्त्यात नीट बसते आणि तेथे फोटोचीही गरज नसते. तरीही पृष्ठे एकाच कुटुंबातली दिसावीत यासाठी अदृश्य रकान्यांची चौकट ठरवून घेतात. बारा रकान्यांची चौकट सोयीची पडते, कारण तिचे दोन, तीन, चार आणि सहा असे समान भाग करता येतात आणि लहान-मोठ्या चौकटी एकमेकींशी जुळून बसतात.

चौकट लहान असो वा मोठी, तिच्यातील माहितीचा क्रम मात्र बदलू नये. नाव, कोड, माप, पर्याय, किंमत हा क्रम एका पृष्ठावर ठरला की तो शेवटपर्यंत तसाच राहावा, कारण तुलना करणारा ग्राहक पानामागून पान उलटताना त्याच जागी तीच माहिती शोधत असतो. एखाद्या वस्तूचे माप लागू नसेल तर ओळ गाळावी, क्रम हलवू नये.

अक्षरांविषयी थोडे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा येतात, त्यामुळे रोमन मजकुराला पुरणारे ओळींतले अंतर देवनागरीला अपुरे पडते, आणि त्याच पॉइंटच्या आकारात देवनागरी अक्षर बहुधा लहान दिसते. दोन्ही लिप्या एकत्र येत असतील तर नमुना छापून आकार जुळवावेत. युनिकोड फाँट वापरावेत. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला नाही तर जोडाक्षरे तुटू शकतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाऊ शकते. आकड्यांची लिपीही एकच ठेवावी, कारण कोडमध्ये एका ठिकाणी देवनागरी आणि दुसऱ्या ठिकाणी रोमन आकडे आले तर मागणी लिहून घेताना घोटाळा होतो. दोनपेक्षा अधिक फाँट घेण्याची गरज क्वचितच पडते.

फोटो आणि रंग

कॅटलॉगमधील फोटोचे पहिले काम वस्तू खरी दाखवणे हे आहे. एका विभागातील सर्व वस्तूंचे फोटो एकाच प्रकाशात, एकाच उंचीवरून आणि एकाच कोनातून घेतले तर ग्राहकाला त्यांची तुलना करता येते. तसे नसेल तर लहान वस्तू मोठी आणि फिकट रंग गडद भासतो. आकाराचा अंदाज फोटोवरून येत नाही, म्हणून माप लिहिणे टाळता येत नाही, आणि शक्य तेथे वस्तू वापरात असल्याचा एखादा फोटो द्यावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा काचेची वस्तू ठेवली तर छपाईत तिच्या कडा कागदात विरून जातात; अशा वस्तूंसाठी फिकट करडी पार्श्वभूमी किंवा स्पष्ट सावली ठेवावी.

छपाईसाठी फोटो पुरेसा मोठा आहे की नाही, हे गणिताने तपासता येते. चांगल्या छपाईसाठी छापल्या जाणाऱ्या आकारात दर इंचाला ३०० पिक्सेल असावेत असा संकेत आहे. पूर्ण ए-४ पृष्ठासाठी हे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो या हिशेबाने सुमारे ३४ गुणिले २५ सेंटिमीटरपर्यंत नीट छापता येतो, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलचा मूळ फोटोही बहुतेक चौकटींना पुरतो. अडचण येते ती फोटो पाठवण्याच्या पद्धतीत. संदेशांच्या अनेक अ‍ॅपमधून फोटो जाताना त्याचे पिक्सेल कमी केले जातात, आणि पडद्यावर ठीक दिसणारा फोटो कागदावर धूसर होतो. त्यामुळे मूळ फाइलच द्यावी. लहान फोटो सॉफ्टवेअरमध्ये ताणून मोठा केला तर पिक्सेलचा आकडा वाढतो, वस्तूचा हरवलेला तपशील मात्र परत येत नाही. व्यवसायाचे बोधचिन्ह फोटोच्या स्वरूपात न देता व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा व आकारांच्या स्वरूपात, द्यावे, म्हणजे ते कोणत्याही आकारात स्वच्छ छापले जाते.

रंगांबाबत निराशा होऊ नये म्हणून मुळातला फरक समजून घेतला पाहिजे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश बाहेर टाकून रंग दाखवतो. कागदावरची निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पहिल्या पद्धतीला आरजीबी आणि दुसरीला सीएमवायके म्हणतात. पडद्यावर दिसणारे झळझळीत निळे, पोपटी आणि नारिंगी रंग या चार शायांच्या मिश्रणातून पूर्णपणे मिळतच नाहीत, मग मुद्रक कितीही कुशल असो. कागदाचाही परिणाम होतो: चकचकीत कागदावर शाई वर राहते आणि रंग गडद दिसतो, तर अनकोटेड, म्हणजे लेप नसलेला, कागद ती शोषतो आणि रंग मंदावतो. बोधचिन्हाचा रंग हुबेहूब हवाच असेल तर तयार मिसळलेली पाचवी शाई वापरता येते. पँटोनची १९६३ पासून चालत आलेली क्रमांकित रंगपद्धत याच कामासाठी आहे. पाचव्या शाईने प्लेटचा आणि छपाईचा खर्च वाढतो, त्यामुळे लहान व्यवसायाने बोधचिन्हाच्या रंगाचे चार शायांतले जवळचे मिश्रण स्वीकारावे, असा माझा सल्ला आहे.

जेथे रंग पाहूनच खरेदी होते, उदाहरणार्थ कापड, धागा किंवा भिंतीचा रंग, तेथे छापील रंगावर विसंबू नये. एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, आणि कॅटलॉग कोणत्या दिव्याखाली उघडला जाईल हे आपल्या हातात नसते. अशा वस्तूंसाठी रंगाचा क्रमांक छापावा, प्रत्यक्ष नमुना मागवण्याची सोय द्यावी, आणि छपाईत रंगात थोडा फरक पडू शकतो ही सूचना त्याच पृष्ठावर वाचता येईल अशा अक्षरांत द्यावी.

किंमत छापावी की नाही

किमती वस्तूंपेक्षा लवकर बदलतात, आणि छापलेली किंमत बदलली की उरलेल्या सर्व प्रती अडचणीच्या ठरतात. म्हणून अनेक व्यवसाय किंमत गाळून ‘किमतीसाठी संपर्क करा’ असे छापतात. ग्राहकाच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण निर्णय घेण्याच्या क्षणीच त्याला थांबावे लागते. कोडनुसार लावलेले वेगळे दरपत्रक कॅटलॉगमध्ये घालून देणे हा उत्तम मार्ग आहे. ते साध्या कागदावर एका रंगात छापता येते आणि दर बदलले की तेवढेच बदलता येते. किमती पृष्ठावरच हव्या असतील तर त्या कोणत्या तारखेपर्यंत लागू आहेत ते स्पष्ट लिहावे आणि आवृत्तीचा महिना व वर्ष प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी द्यावे, म्हणजे फोटो काढून पाठवलेल्या एकाच पृष्ठावरूनही ते कोणत्या आवृत्तीतले आहे हे कळते.

ऑफसेट छपाईत आणखी एक युक्ती आहे, आणि ती कॅटलॉग काढणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. सगळा मजकूर आणि किमती केवळ काळ्या शाईत ठेवल्या तर दुसऱ्या किमतींची किंवा दुसऱ्या भाषेतील आवृत्ती छापताना फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलावी लागते. फोटोंच्या उरलेल्या तीन रंगांच्या प्लेट त्याच राहतात. त्यासाठी रंगीत पट्ट्यावरचा पांढरा मजकूर टाळावा लागतो, कारण तो पांढरा मजकूर म्हणजे सर्व शायांत सोडलेली मोकळी जागा असते आणि अक्षर बदलले की सगळ्या प्लेट बदलाव्या लागतात. काळ्या मजकुराचा दुसराही फायदा आहे. चार शाया एकावर एक छापताना केसभर जरी सरकल्या तरी चार रंगांतले बारीक अक्षर दुहेरी दिसते, आणि एकाच शाईतले अक्षर मात्र नेहमी तीक्ष्ण राहते.

फाइल, प्रूफ आणि प्रतींची संख्या

छापल्यानंतर कागद कापला जातो आणि कापण्यात थोडा फरक पडतोच. त्यासाठी कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो कापण्याच्या रेषेबाहेर साधारण तीन मिलिमीटर वाढवतात. याला ब्लीड म्हणतात. तो ठेवला नाही तर कडेला कागदाची पांढरी रेघ दिसते. उलट बाजूने, महत्त्वाचा मजकूर कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेवावा. छपाईची फाइल पीडीएफ-एक्स प्रकारात द्यावी. हा पीडीएफचाच छपाईसाठी ठरवलेला प्रकार असून त्यात फाँट फाइलमध्येच समाविष्ट असावे लागतात. त्याच्या उपप्रकारांपैकी कोणता हवा हे मुद्रक सांगतो. पृष्ठे जोडीने न देता एकेक द्यावीत, कारण छपाईच्या कागदावर ती कोणत्या क्रमाने लावायची हे छापखान्यात ठरते.

क्यूआर कोड द्यायचा असेल तर तो निदान दोन सेंटिमीटरचा, काळ्या शाईत, फिकट पार्श्वभूमीवर आणि घडीपासून दूर ठेवावा. त्याच्या भोवती त्यातल्याच चार लहान चौकोनांएवढी मोकळी जागा सोडावी लागते. कोडमागचा पत्ता स्वतःच्या ताब्यातल्या संकेतस्थळाचा असावा, म्हणजे पुढे पान हलवले तरी छापलेला कोड चालू ठेवता येतो.

प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, तपासण्याचे काम दोन वेगळ्या प्रकारांनी होते. पीडीएफ प्रूफवर मजकूर, क्रम आणि मापे तपासावीत. रंग मात्र पडद्यावर तपासू नये, त्यासाठी मुद्रकाकडून कागदावरचे रंगीत प्रूफ घ्यावे आणि ते चांगल्या उजेडात पाहावे. आकडे तपासताना एकाने मूळ तक्त्यातून कोड, माप आणि किंमत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून पाहावे, कारण एकट्या माणसाची नजर अंदाजाने पुढे जाते. छापलेला फोन क्रमांक प्रत्यक्ष लावून पाहावा. माझ्या मते सर्वांत मोलाची तपासणी यानंतरची आहे: व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला प्रूफ द्यावे, तीन वस्तू निवडून मागणीपत्रक भरायला सांगावे, आणि तो कोठे अडतो ते मध्ये न बोलता पाहावे. मागणीपत्रकात पुरेशी जागा नाही, मापाचे एकक लिहायचे राहिले आहे, विभागाचे नाव कळत नाही, अशा त्रुटी या वेळी हमखास सापडतात.

प्रतींची संख्या ठरवताना ऑफसेट आणि डिजिटल यांतला फरक कामी येतो. ऑफसेटमध्ये प्लेट आणि यंत्राची जुळवणी यांचा खर्च एकदाच, पण सुरुवातीलाच होतो. समजा हा खर्च १००० एकक आहे आणि त्यानंतर प्रत्येक प्रतीला एक एकक लागते. मग ५०० प्रतींत एक प्रत तीन एककांना पडते, १००० प्रतींत दोन एककांना, २००० प्रतींत दीड एककाला आणि ५००० प्रतींत सव्वा एककाहून थोडी कमी. पहिल्या टप्प्यात बचत मोठी दिसते आणि पुढे ती झपाट्याने आटते. त्यामुळे केवळ दर स्वस्त पडतो म्हणून खपणार नाहीत एवढ्या प्रती छापण्यात अर्थ नसतो. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, प्रत्येक प्रतीचा दर जवळपास सारखा राहतो, आणि थोड्या प्रतींसाठी किंवा वारंवार बदलणाऱ्या मालासाठी तीच योग्य.

दोन-तीन मुद्रकांकडून दर मागवताना प्रत्येकाला एकच तपशील लेखी द्यावा: कापल्यानंतरचा आकार, आतली पृष्ठे आणि मुखपृष्ठ वेगवेगळे, कागदाचा प्रकार व जीएसएम, दोन्ही बाजूंचे रंग, लॅमिनेशन, बांधणी, प्रती, प्रूफ, आणि माल पोहोचवण्याचा खर्च. तपशील वेगळे असतील तर दरांची तुलना होऊच शकत नाही. ठरलेल्या संख्येपेक्षा थोड्या कमी-जास्त प्रती आल्या तर काय करायचे, हेही आधीच लिहून घ्यावे.

पुरवठादाराने दिलेले फोटो छापण्यापूर्वी त्यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि वापरलेल्या फाँटचा परवाना छपाईसाठी चालतो का ते पाहावे. काम सुरू होतानाच डिझायनरशी हेही ठरवावे की छपाईनंतर पीडीएफबरोबर मांडणीची मूळ फाइल, तिच्यातील सर्व फोटो आणि परवान्यात बसतील ते फाँट एका फोल्डरमध्ये आपल्याला मिळतील. केवळ पीडीएफ हाती राहिली तर पुढच्या वर्षी पाच वस्तू बदलण्यासाठीही संपूर्ण कॅटलॉग नव्याने मांडण्याची वेळ येऊ शकते.